‘कॅश’: एका लहान शब्दाची दोन घराणी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मी गेली अनेक वर्षे चेन्नईत राहतो. सुट्टीत गावी आलो की एखादे पालक हमखास विचारतात, “मुलाला मराठी माध्यमात घालू की इंग्रजी? तुम्ही तर बाहेरच राहता, तुम्हांला काय वाटते?” प्रश्नातली काळजी खरी असते, तेव्हा त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. पण आज मी त्या प्रश्नाला आडवाटेने जाणार आहे. एकच इंग्रजी शब्द घेऊन तो कुठून आला, वाटेत त्याला कोण भेटले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, एवढेच पाहू. शब्द अगदी लहान आहे: ‘कॅश’.

तो इंग्रजी आहे याची आठवणही आपल्याला आता राहिलेली नाही. भाजीवाल्या मावशी “कॅश द्या, मोबाइलवर नको” म्हणतात. बँकेत आपण “कॅश भरायची आहे” म्हणतो. ‘रोखपाल’ ही पाटी खिडकीवर असते, पण हाक मारताना आपण ‘कॅशियरसाहेब’ म्हणतो. २०१६ च्या नोटबंदीनंतर तर ‘कॅशलेस’ हा शब्द खेड्यातल्या पारावरही ऐकू येऊ लागला.

चेन्नईच्या बँकेत गेलात तर त्याच खिडकीवर तमिळमध्ये लिहिलेले असते: ‘कासाळर’. वाचणारा मराठी माणूस क्षणभर थबकतो. ‘कॅशियर’चेच हे तमिळ उच्चारण असावे, असे त्याला वाटते. पण तसे नाही. ‘कासु’ म्हणजे पैसा, नाणे. आणि पैसा सांभाळणारा तो ‘कासाळर’. धनादेशाला तिथे ‘कासोलै’ म्हणतात. ‘ओलै’ म्हणजे ताडपत्र. म्हणून कासोलै म्हणजे पैशाचे ताडपत्र. (आपला ‘धनादेश’ शब्द वाईट नाही, पण ताडपत्राची सर त्याला नाही, असे माझे मत.) हे दोन्ही शब्द आधुनिक काळात घडवलेले आहेत, मात्र त्यांतला ‘कासु’ फार जुना आहे.

म्हणूनच चेन्नईतले अनेक सुशिक्षित लोक अभिमानाने सांगतात की इंग्रजांचा ‘कॅश’ हा आमचाच शब्द. आपल्याकडचे काही लोक त्याहून पुढे जातात आणि तो संस्कृतातून गेला असे सांगून मोकळे होतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे, आणि दोन्ही म्हणणी जशी सांगितली जातात तशी खरी नाहीत. गंमत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी युरोपकडचे घराणे पाहू. लॅटिन भाषेत ‘काप्सा’ म्हणजे पेटी. त्याच्या मुळाशी ‘धरणे, सामावणे’ या अर्थाचा धातू आहे. औषधाची ‘कॅप्सूल’ ही त्याच काप्साची धाकटी लेक, आणि चष्म्याची ‘केस’ म्हणतो तीही त्याच कुळातली. या काप्साचे इटालियनमध्ये ‘कास्सा’ झाले, फ्रेंचमध्ये ‘केस’ झाले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘कॅश’ आले. तेव्हा त्याचा अर्थ होता पैसे ठेवायची पेटी, आणि लगोलग त्या पेटीतले पैसेही. पुढे पेटीचा अर्थ मागे पडत गेला आणि अठराव्या शतकानंतर केवळ पैसे उरले. भांड्याचे नाव आतल्या वस्तूला लागले.

हे ऐकून कुणाला नवल वाटले तर मला उलट नवल वाटेल. आपल्या दुकानदाराला विचारा, “आज गल्ला किती जमला?” गल्ला ही पेटीही आहे आणि दिवसभराची जमाही. सत्काराच्या समारंभात ‘थैली अर्पण केली’ असे आपण लिहितो, तेव्हा कुणी रिकामी पिशवी दिली असे कोणी समजत नाही. मुंबईच्या बोलीत ‘पेटी’ म्हणजे एक लाख आणि ‘खोका’ म्हणजे एक कोटी. खोक्यांची महती तर अलीकडे राजकीय घोषणांनी घरोघरी पोहोचवली आहे. लॅटिन पेटीचा पैसा झाला तो याच वाटेने. ज्याला आपली बोली ठाऊक आहे, त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरे घराणे. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधले. ते १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर कोरलेल्या तमिळ शिलालेखांत दानांचे हिशेब आहेत: दिव्याच्या तुपासाठी, दागिन्यांसाठी, सेवेकऱ्यांसाठी. त्या हिशेबांत ‘कासु’ वारंवार येतो, आणि तो तेव्हा सोन्याचा होता. पुढच्या शतकांत तोच शब्द उतरत उतरत तांब्याच्या सर्वांत हलक्या नाण्यावर येऊन ठेपला. शब्दांचेही भाव पडतात. सोन्याची आठवण मात्र दागिन्यांत राहिली. तमिळ नववधूच्या गळ्यात ‘कासुमालै’ असते, सोन्याच्या नाण्यांची माळ. आपल्या पुतळ्यांच्या माळेची ती सख्खी बहीण शोभेल.

कासु मुळात कुठला? संस्कृतात ‘कर्ष’ नावाचे वजन होते; आयुर्वेदाच्या ग्रंथांत औषधाचे माप म्हणून ते आजही भेटते. त्या वजनाचे नाणे ते कार्षापण. ‘सर्प’चा ‘सप्प’ आणि मग ‘साप’, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’, हे आपण याच शाळेत शिकलो. त्याच चालीने कर्षापासून ‘कास’ होणे अवघड नाही, आणि बरेच कोशकार कासुचे मूळ तिथेच दाखवतात. कासु हा अस्सल द्राविडी शब्द आहे असे मानणारेही अभ्यासक आहेत. मी या वादात कौल देणार नाही. पण ज्याला ‘सर्प’चा ‘साप’ कसा झाला ते ठाऊक आहे, त्याला हा वाद निदान कळतो.

मग पोर्तुगीज आले. त्यांच्या भाषेत पेटीला ‘काइशा’ म्हणतात. तेही काप्साचेच अपत्य. किनाऱ्यावरच्या बाजारात त्यांनी लोकांच्या तोंडी ‘कासु’ ऐकला, आणि परक्या शब्दाला ओळखीचा सदरा चढवून तो ‘काइशा’ म्हणून लिहू लागले. कान असेच वागतो. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये मिंट स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे, त्याचे तमिळ नाव ‘तंगसालै’. तमिळमध्ये ‘तंगम्’ म्हणजे सोने. त्यामुळे तमिळ माणसाला त्यात सोन्याची शाळा ऐकू येते. मराठी माणसाला मात्र पहिल्याच खेपेस ‘टांकसाळ’ ऐकू येते, आणि ‘मिंट’चा अर्थही तोच. नाव एक, पण ऐकणारा आपापल्या घरचे ऐकतो.

पोर्तुगिजांकडून हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि ‘काइशा’चे ‘कॅश’ केले. म्हणजे इंग्रजीत एकाच उच्चाराचे, एकाच वर्णांचे दोन शब्द झाले. एक पेटीतून निघालेला, रोख रकमेचा. दुसरा कासुपासून आलेला, पूर्वेकडच्या हलक्या नाण्याचा. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी मलाया-जावाकडच्या कथलाच्या नाण्यांना हेच नाव दिले, आणि चीनमधल्या मध्ये चौकोनी भोक असलेल्या, दोरीत ओवून ठेवायच्या नाण्यांनाही. चिनी लोक त्यांना कॅश म्हणत नव्हते. तमिळ शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून इंग्रजांच्या वहीत चिनी नाण्याचे नाव होऊन बसला. आजही नाण्यांचे संग्राहक ‘चायनीज कॅश’ म्हणतात ते त्यामुळे.

तेव्हा, ‘कॅश’ तमिळ आहे का? नाण्याचे नाव म्हणून वापरलेला कॅश तमिळ आहे. आपण बँकेत भरतो ती कॅश तमिळ नाही. ती लॅटिन पेटीतून आली. ‘कासाळर’ आणि ‘कॅशियर’ हे शेजारी-शेजारी उभे असलेले दोन परके पाहुणे आहेत. चेहरा मिळतो, पण रक्ताचे नाते नाही. याशिवाय लष्करातल्या अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याला इंग्रजीत ‘कॅशियर’ करणे म्हणतात, तो शब्द तर तिसऱ्याच घरचा, ‘रद्द करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा. आणि ‘कॅश्यू’ म्हणजे आपला काजू, तो ब्राझीलच्या आदिवासी भाषेतून पोर्तुगिजांनी आणला. दिसण्यावर गेलात की घोटाळा झालाच म्हणून समजा.

हे एवढ्या बारकाव्याने सांगण्याचे कारण आहे. सध्या आपल्या भ्रमणध्वनीवर रोज एखादी यादी येते: अमुक इंग्रजी शब्द मूळ संस्कृत, तमुक शब्द मूळ मराठी. बहुतेक याद्या उच्चाराच्या साम्यावर रचलेल्या असतात. मुलांना त्या आवडतात. पालकही कौतुकाने पुढे पाठवतात. मराठी माध्यमाची बाजू घेणाऱ्यांनी तरी या मोहात पडू नये, असे मला कळकळीने वाटते. मातृभाषेतले शिक्षण चांगले की वाईट, हे इंग्रजांनी आपले किती शब्द नेले यावर ठरत नाही. आणि खोट्या यादीने वाढलेला अभिमान महाविद्यालयातल्या पहिल्याच चांगल्या प्राध्यापकापुढे कोसळतो. मग मुलाला आपली भाषाच खोटी वाटू लागते. हे नुकसान इंग्रजी कच्चे राहण्यापेक्षा मोठे आहे.

दोन्ही कॅश वेगळे आहेत हे स्पष्ट मांडणाऱ्या ग्रंथांत ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ साली निघालेला कोश आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा तो संग्रह. तमिळ कासु, किंवा कदाचित त्याचे एखादे कोंकणी रूप, पोर्तुगिजांनी काइशा केले असावे, असे त्यात म्हटले आहे. त्याचे कर्ते दोघे: कर्नल हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल. बर्नेल मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेत होता, तंजावरला न्यायाधीश होता, आणि तंजावरच्या भोसले राजांच्या वाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानेच केली. सरफोजीराजांनी वाढवलेल्या त्या सरस्वती महाल ग्रंथालयात बसून पोथ्या चाळणारा हा माणूस फावल्या वेळी बाजारातल्या शब्दांची टिपणे काढत असे. कोश छापून येण्याआधीच, १८८२ मध्ये, तो वारला. मराठी राजांनी जपलेल्या पोथ्यांवर ज्याने मेहनत घेतली, त्याच्याच हातून ‘कॅश’ची ही गुंतागुंत पुढच्या पिढ्यांसाठी नोंदली गेली, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते.

आता नाण्यांच्या हिशेबाकडे वळू, कारण इथे आपल्या पाढ्यांची मजा आहे. मद्रासमध्ये कंपनीचा हिशेब असा चाले: ८० कॅश म्हणजे एक फनम, आणि ४२ फनम म्हणजे एक पगोडा. फनम म्हणजे तमिळ ‘पणम्’. आणि पगोडा म्हणजे ज्याला तमिळ लोक वराहन् म्हणत व आपण होन म्हणत आलो तेच सोन्याचे नाणे. ‘होन’ हा शब्दही आपण कन्नडकडून घेतला. तिथे ‘होन्नु’ म्हणजे सोने. एका पगोड्याचे कॅश किती, हे आठवीतल्या मुलाने तोंडी सांगावे: ३,३६०. मजुराच्या हाती पडायचा तो कॅश, आणि कंपनीच्या वहीत मांडला जायचा तो पगोडा. या दोन टोकांमधला हिशेब सराफ करत आणि त्यात आपला बट्टा काढून घेत.

१८१८ मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणे ठरले. दर ठरला शंभर पगोड्यांना साडेतीनशे रुपये, म्हणजे पगोड्याला साडेतीन. साडेतीनला आपल्या जुन्या गणितात ‘औट’ म्हणतात. पावकी, निमकी, दिडकी यांच्याबरोबर आपल्या पणजोबांच्या पिढीने औटकीही पाठ केली होती: एक औट साडेतीन, दोन औट सात. असा औटकी पाठ असलेला कुणी मराठी कारकून त्या वेळी मद्रासच्या कचेरीत असेल, तर त्याला हा फेरफार कागदाविना जमला असेल. हा अर्थात माझा कल्पनाविलास. पण कारकून मराठी असण्यात अशक्य काही नव्हते. तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि तिथल्या दफ्तराचे मोडी कागद आजही जपलेले आहेत.

त्या मुलखातल्या पैशाच्या व्यवहारात मराठे त्याआधीपासून होते. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने कडलूरजवळचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. त्याला इंग्रजांनी फोर्ट सेंट डेव्हिड नाव दिले. करार असा होता की तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल तिथवरची गावेही किल्ल्याबरोबर मिळतील. इंग्रजांनी चांगली लांब पल्ल्याची तोफ आणली, हे सांगायला नकोच. मद्रासचा तेव्हाचा गव्हर्नर एलिहू येल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तोच. जिंजीला आपल्याला पैशाची निकड होती. औरंगजेबाची फौज दाराशी होती. इतिहासाच्या पुस्तकात आपण जिंजीचा वेढा शिकलो, हा व्यवहार शिकलो नाही. शिकवायला हवा होता.

शब्दांचा व्यवहार मात्र असा एकतर्फी कधीच नव्हता. सुट्या नाण्यांना आपण ‘चिल्लर’ म्हणतो; तो शब्द दक्षिणेकडचा. तमिळमध्ये ‘चिल्लरै’ म्हणजे सुटे पैसे, आणि किरकोळ विक्रीही. चेन्नईच्या बसमध्ये वाहक ‘चिल्लरै’ मागतो तेव्हा मराठी प्रवाशाचा हात आपसूक खिशात जातो. उलट बाजूने, रोख रकमेला तमिळमध्ये ‘रोक्कम्’ असाही शब्द आहे. तो आपल्या रोख-रोकडीचा भाऊबंद. आणि या लेनदेनीत इंग्रजी कुठे नव्हतेच. शेजाऱ्यांची उसनवारी, परत करायची आठवण न ठेवता केलेली.

पालकांच्या मूळ प्रश्नाला मी बगल दिली असे कुणी म्हणू नये, म्हणून दोन वाक्ये स्पष्ट सांगतो. इंग्रजी नीट शिकवलेच पाहिजे. त्यात कुचराई करणारी मराठी शाळा स्वतःच्याच मुळावर घाव घालते. पण गल्ला, थैली, साप, टांकसाळ, औट, चिल्लर हे शब्द घरून घेऊन आलेल्या मुलाला ‘कॅश’सारखा शब्द उलगडताना जी मदत होते, ती घरची भाषा अर्धवट सोडून आलेल्या मुलाला होत नाही. हे मी चेन्नईत पाहिले आहे, तमिळ मुलांच्या बाबतीतही.

शेवटी एका जहाजाची हकीकत. कंपनी मद्राससाठी तांब्याची कॅश नाणी इंग्लंडमध्ये पाडून घेत असे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील बोल्टनच्या वाफेच्या टांकसाळीत. त्यांतली पहिली १८०३ सालची. त्याच वर्षी सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मोठा मराठी इतिहास कोरवला. ज्या मंदिरावर सोन्याच्या कासुंचे हिशेब आहेत त्याच मंदिरावर. पुढे १८०८ साली पाडलेली नाणी घेऊन ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज निघाले. जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर ते वादळात फुटले. सुमारे ४८ टन नाणी बुडाली. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांतली लाखो वर काढली, आणि ती आता जगभरच्या संग्राहकांकडे गेली आहेत. मद्रासच्या बाजारासाठी पाडलेली ही नाणी मद्रासला कधी पोहोचलीच नाहीत.

त्यांतले एक मी आज बरोबर आणले आहे. ते शाळेच्या इतिहास-कक्षासाठी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. मुलांनी ते भिंग घेऊन पाहावे. एका बाजूला कंपनीची मुद्रा आणि १८०८ हे साल आहे. दुसऱ्या बाजूला खाली रोमन अक्षरांत ‘वीस कॅश’ असे आहे, आणि वर फारसीत एक वाक्य: ‘बीस्त कास चहार फुलूस अस्त’, म्हणजे वीस कास बरोबर चार फुलूस. फारसीने ‘कास’ लिहिले, इंग्रजीने ‘कॅश’ लिहिले. ज्यांचा हा कासु, त्यांच्या तमिळ लिपीतले एकही अक्षर या नाण्यावर नाही.